ॲन राइस यांचा नाखूश रक्तपिशाच

भयकथेशी मराठी समीक्षेने जो अबोला धरला आहे, तो आम्हांस कधी नीटसा उमगला नाही. भरतमुनींनी भय हा स्थायिभाव आणि भयानक हा रस मानून त्याला शृंगार-वीरांच्या पंक्तीला बसविले. आमच्या समीक्षेने मात्र त्याला ओसरीवरच ठेवले. नारायण धारप यांची पुस्तके वाचनालयांतून पाने सुटेपर्यंत फिरली, पण त्यांतले भय नेमके कशाचे, हा प्रश्न गंभीरपणे विचारणारे थोडेच निघाले. ज्या कादंबरीविषयी आम्ही येथे लिहीत आहोत, ती बाहेरून पाहता याच ओसरीवरची आहे. तिचे नाव 'इंटरव्ह्यू विथ द व्हँपायर'. अमेरिकन लेखिका ॲन राइस यांची ही पहिली कादंबरी १९७६ साली प्रसिद्ध झाली आणि तिच्यातून पुढे तेरा खंडांची एक प्रचंड महाकथा उभी राहिली. शेवटचा खंड २०१८ साली निघाला, आणि २०२१ च्या डिसेंबरात लेखिकेचे निधन झाले. या पहिल्या कादंबरीत भयानक थोडा आहे आणि करुण फार आहे. हा करुण कितपत खरा, हेच आम्हांस तपासून पाहावयाचे आहे.

प्रथम शब्दाचा घोळ दूर केला पाहिजे. रिचर्ड बर्टन यांनी वेताळाच्या कथांचे आपले इंग्रजी रूपांतर १८७० साली प्रसिद्ध केले, तेव्हा त्याच्या नावात विक्रमाच्या जोडीला 'व्हँपायर' बसविला. तेव्हापासून वेताळ म्हणजे व्हँपायर ही समजूत रूढ झाली. ती सर्वस्वी चुकीची आहे. वेताळ प्रेतात वास करतो खरा, पण तो रक्तावर जगणारा नव्हे. तो बोलका आहे, बुद्धिमान आहे, न्यायाचा चोखंदळ आहे. गोव्यात तर तो गावाचा राखणदार. आमोण्यासारख्या गावी त्याचे देऊळ आहे, आणि त्याला भजणाऱ्या माणसांना त्याच्यात अभद्र असे काही दिसत नाही. युरोपच्या पूर्व भागातील लोकसमजुतींतून आलेला व्हँपायर हा निराळा प्राणी. तो मेलेला असून जिवंतांच्या रक्तावर टिकून राहतो. त्याला आम्ही रक्तपिशाच म्हणू. तथापि बर्टनसाहेबांच्या या चुकीत एक उपयोगी धागा लपलेला आहे, त्याकडे आम्ही पुढे येऊ.

इंग्रजी साहित्यातील रक्तपिशाचाला नाखुषी ही काही राइस यांनीच प्रथम दिली असे नाही. १८१९ साली जॉन पॉलिडोरी यांनी त्याला उमराव बनवून दिवाणखान्यात आणले. १८४५ ते १८४७ या काळात लंडनमध्ये आठवड्याला एक पेनी किमतीच्या अंकांतून निघालेल्या 'व्हार्नी'त तो इतका विटलेला आहे, की अखेरीस व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या मुखात उडी घालून तो स्वतःचा अंत करतो. पण व्हार्नीची कथा दुसरा कोणी सांगतो. ब्रॅम स्टोकर यांच्या 'ड्रॅक्युला'त (१८९७) तर साऱ्यांच्या रोजनिश्या आहेत, पत्रे आहेत, तारा आहेत. ज्याच्यासाठी हा सारा कागद खर्ची पडला, त्याची मात्र एकही रोजनिशी नाही. राइस यांनी रक्तपिशाचापुढे ध्वनिमुद्रक ठेवला आणि त्याला स्वतःविषयी बोलावयास लावले. सॅन फ्रॅन्सिस्कोतील एका खोलीत एक तरुण मुलाखतकार फिती बदलतो आहे आणि टेबलापलीकडे बसलेला लुई आपले सुमारे दोनशे वर्षांचे आयुष्य सांगतो आहे, एवढीच कादंबरीची बाह्य घटना. पण दृष्टिकोनातील या एका बदलाने सारी नैतिक व्यवस्था पालटते. जो बोलतो त्याच्याकडे वाचकाचा कल जातो. आम्हीही पहिल्या वाचनात लुईच्याच बाजूचे होतो, आणि लेखिकेची तशीच इच्छा असावी.

लुई हा १७९१ सालचा, लुइझियानातील न्यू ऑर्लिन्सजवळच्या नीळमळ्यांचा पंचवीस वर्षांचा मालक. त्याच्या धाकट्या भावाला साक्षात्कार होऊ लागतात; मळे विकून तो पैसा धर्मकार्याला लावावा, अशी आज्ञा झाल्याचे तो सांगतो. लुई त्याला हसतो. त्याच भेटीनंतर भाऊ जिन्यावरून पडून मरतो. येथून लुईला मृत्यूची ओढ लागते, तो दारूत बुडतो, जो कोणी मारील त्याच्या हातून मरावयास सिद्ध होतो. आणि त्याला मारावयास येतो तो लेस्टॅट नावाचा रक्तपिशाच. आरंभीचा हा भाग राइस यांनी फार थोडक्यात उरकला आहे, पण सर्व कादंबरीची किल्ली तेथेच आहे असे आमचे मत आहे. भावाचा साक्षात्कार खोटा म्हणून लुई हसला नव्हता. संत आपल्याच घरात, आपल्याच ताटाला ताट लावून जेवणारा असू शकतो, हे त्याच्या गर्वाला मानवले नव्हते. त्याचे सारे पुढचे दुःख या गर्वाच्याच मुळावर वाढलेले आहे.

लेस्टॅट त्याला मरण देण्याऐवजी अमरत्व देऊ करतो, आणि लुई ते पत्करतो. 'नाखूश' हे विशेषण लावताना हा होकार विसरून चालणार नाही. रक्तपिशाच होणे त्याच्यावर लादले गेलेले नाही; त्या रूपाच्या तेजाने दिपून त्याने मान डोलावली आहे. नाखुषी येते ती नंतर, आणि ती येते तीही रक्ताच्या चवीविषयी नव्हे, हिशेबाविषयी. पुढे चार वर्षे तो उंदीर आणि इतर जनावरे यांच्यावर निभावतो. लेस्टॅट त्याची टवाळी करतो. वाचकाला वाटते, हा दयाळू आहे. आम्हांस हे व्रत काहीसे शाकाहाराच्या प्रौढीसारखे वाटले, हे येथेच नमूद करतो. कारण ज्या घरात राहून तो हे व्रत पाळतो, त्या घराचे उत्पन्न कोठून येते याविषयी त्याने एकदाही उपास केलेला नाही.

या मुद्द्यावर आम्ही थोडे रेंगाळू इच्छितो. नीळ म्हटली की आपल्या वाचकाच्या मनात बंगाल उभा राहतो. १८५९ चे नीळकऱ्यांविरुद्धचे बंड आणि १८६० चे दीनबंधू मित्र यांचे 'नीलदर्पण' हे नाटक आठवते. लुइझियानाची नीळ आणि बंगालची नीळ यांचे नाते कल्पनेतले नाही. अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात लुइझियानातील नीळ किडीने आणि इतर संकटांनी बसली, तेथील मळेवाले उसाकडे वळले, आणि याच सुमारास बंगालची नीळ युरोपच्या बाजारात वर चढली. एका बाजूला गुलाम राबत होते, दुसऱ्या बाजूला आगाऊ रकमेच्या फासात सापडलेली रयत. तेव्हा १७९१ सालचा नीळमळेवाला रक्त प्यावयास शिकला, हे वाक्य आपल्याला नुसते अद्भुताचे वाटू शकत नाही. आणि १७९१ हे साल तरी कोणते? त्याच वर्षीच्या ऑगस्टात सां-दोमिंग या फ्रेंच वसाहतीत गुलामांनी बंड केले, त्यातूनच पुढे हैतीचे स्वतंत्र राष्ट्र जन्मास आले. राइस यांनी हे साल निवडले, गुलामांना कथेत आणले, आपले मालक माणसे राहिलेले नाहीत हे सर्वांच्या आधी त्यांच्याच ध्यानात येते असेही दाखविले. हे निरीक्षण बिनतोड आहे. जो दुसऱ्याच्या मर्जीवर जगतो तो त्याचा चेहरा बारकाईने वाचतो.

परंतु यापुढे लेखिका जात नाहीत. लुईने माणसाचे रक्त प्रथम प्यावे यासाठी लेस्टॅट त्याला कोठे नेतो, तर पळून जाऊन रानात लपलेल्या गुलामांच्या तळावर. मळ्यातून जीव घेऊन सुटलेला माणूस अखेर एका मळेवाल्याच्याच दातांखाली येतो! याहून भेदक प्रसंग या विषयावर लिहिणाऱ्याला सुचणे कठीण. आणि तरीही हा प्रसंग सांगताना लुईला आठवतात त्या स्वतःच्या संवेदना: हृदयाचे ठोके, जीवनाच्या ओसरण्याची जाणीव, आपल्यात झालेला पालट. त्या माणसाला नाव नाही. पुढे शंभर पृष्ठे लुई स्वतःच्या शापाविषयी विलाप करतो, त्यात हा माणूस परतून येत नाही. आमच्या मते कादंबरीतील हे मोठे वैगुण्य होय; आणि ते केवळ लुईचे आहे की लेखिकेचेही, हे ठरविण्याइतका पुरावा संहिता देत नाही. एका अक्षराने जरी त्यांनी येथे लुईपासून अंतर राखले असते तरी आम्ही हे वैगुण्य पात्राच्या पदरी टाकून मोकळे झालो असतो.

क्लॉडियाच्या बाबतीत मात्र हे अंतर राखलेले आहे, आणि तेथे राइस यांची लेखणी थोर होते. चार वर्षांच्या उपासानंतर लुई साथीच्या दिवसांत एका घरात शिरतो. आई मरून पडली आहे, पाच वर्षांची मुलगी तिला उठवू पाहते आहे. लुई तिचे रक्त पितो. लेस्टॅट पुढे तिला रक्तपिशाच करून दोघांची लेक म्हणून घरी ठेवतो. मुलीचे शरीर पाच वर्षांचेच राहते आणि मन वाढत जाते. सुमारे पासष्ट वर्षे ती बाहुलीसारख्या झग्यांत एका प्रौढ स्त्रीची बुद्धी वागविते. लेखिकेची मुलगी मिशेल १९७२ साली रक्ताच्या कर्करोगाने वारली, तेव्हा ती सहा वर्षांचीही झालेली नव्हती. त्यानंतर अल्पावधीतच ही कादंबरी लिहिली गेली. चरित्रावरून कृतीचा अर्थ लावण्याची घाई आम्ही सहसा करीत नाही. पण येथे ते नाते नाकारणे हा दुराग्रह ठरेल. मेलेल्या मुलाला मृत्यूपासून परत मागणारी आई या पुस्तकाच्या प्रत्येक पानाआड आहे. विशेष हे की, आईला जे हवे ते लेखिकेने कथेत देऊन पाहिले आणि त्याचा परिणाम किती भीषण होईल तेही तितक्याच निष्ठुरपणे लिहिले. मूल मरत नाही. पण मग ते वाढतही नाही. आणि ज्यांनी त्याला ठेवून घेतले त्यांचा ते द्वेष करू लागते.

येथे मराठी वाचकाला अश्वत्थामा आठवल्यावाचून राहणार नाही. असीरगडाच्या परिसरात आणि नर्मदाकाठी आजही सांगतात, की कपाळीची जखम घेऊन तो हिंडतो आणि तिच्यावर घालावयास तेल मागतो. त्याच्याही हातून मुलेच मेली: द्रौपदीची झोपलेली मुले, आणि गर्भातल्या परीक्षितावर सोडलेले अस्त्र. परंतु महाभारतात क्रम असा आहे की आधी पातक, मग अमरत्वाची शिक्षा. लुईच्या बाबतीत आधी अमरत्व, आणि त्या अमरत्वाचा रोजचा खुराक म्हणून पातक. अश्वत्थाम्याची जखम वाहते म्हणून तो दयनीय. लुईची जखम रोज रात्री दुसऱ्याच्या रक्ताने भरून येते. दोघांनाही मरण नाही, एवढ्यावरून त्यांना एका रांगेत बसविता येणार नाही. अश्वत्थाम्याला कोणी दया दाखविली तर ती तेलाच्या एका पळीने दाखविता येते. लुईला दया दाखविणाऱ्याने काय द्यावे, हे सांगावयास नको.

तेव्हा लुईच्या पश्चात्तापाचे मोल काय? कॅथलिक परंपरेत, जिच्यात लेखिका वाढल्या, अनुताप, कबुली आणि प्रायश्चित्त अशी त्याची अंगे मानतात. आपल्या स्मृतिकारांचेही म्हणणे फार निराळे नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात नुसत्या तापाने भागत नाही, पुन्हा असे करणार नाही या निश्चयाने निवृत्त व्हावे लागते असे स्पष्ट सांगितले आहे. राइस यांना हे पुरते ठाऊक होते, याची साक्ष न्यू ऑर्लिन्सच्या चर्चमधील प्रसंग देतो. युरोपला जाण्यापूर्वी लुई धर्मोपदेशकापुढे गुडघे टेकतो आणि हजारो हत्यांची कबुली देतो. उपदेशकाला ही थट्टा वाटते आणि तो संतापतो. तेव्हा लुई आपले खरे रूप दाखवितो, आणि कबुली ऐकणाऱ्यालाच वेदीसमोर ठार करतो. हा प्रसंग म्हणजे सर्व कादंबरीचा गाभा आहे. अनुताप आहे, कबुलीही आहे. तिसऱ्या अंगाची वेळ येते तेव्हा भूक येते. लुईचे अश्रू खोटे नाहीत. तेच त्याचे दुर्दैव. खोटे असते तर निदान लेस्टॅटप्रमाणे तो मोकळा तरी झाला असता.

युरोपातील भाग विषम उतरला आहे. पूर्व युरोपातील मतिशून्य प्रेतांची प्रकरणे आम्हांस लांबण वाटली. जुन्या व्हँपायरला तिलांजली देण्यापलीकडे त्यांचा उपयोग नाही. पॅरिसचे 'तेआत्र दे व्हाँपीर' मात्र अपूर्व आहे. तेथे रक्तपिशाच हे माणसे असल्याचे भासवून रक्तपिशाचांची सोंगे घेतात, आणि रंगमंचावर एका खऱ्या तरुणीचा खरा खून होत असता प्रेक्षक अभिनयाला दाद देतात. साधारणीकरणाची चर्चा करणाऱ्या आमच्या मित्रांनी हे प्रकरण अवश्य वाचावे. रसिकाची तटस्थता केव्हा गुन्हा ठरते, असा प्रश्न तेथे उभा राहतो, आणि लुईही त्या वेळी प्रेक्षकांतच बसलेला आहे. नाटकमंडळीचा प्रमुख आर्मान हा चारशे वर्षांचा; त्याच्याकडून ईश्वर वा सैतान यांचे काही उत्तर मिळेल अशी लुईची आशा असते. उत्तर असे काही नाहीच, एवढेच तो सांगतो. पुढे क्लॉडिया सूर्यप्रकाशात जाळली जाते, लुई नाटकगृह पेटवून सूड घेतो, आणि ज्याने तिला मरू दिले त्या आर्मानच्याच सोबतीने प्रवासाला निघतो! काही टीकाकारांस ही विसंगती वाटेल. आम्हांस ती सुसंगत वाटते. लुईला नेहमी कोणीतरी नेणारा लागतो. लेस्टॅटने नेले, क्लॉडियाने नेले, आता आर्मान नेतो. ज्याला नेले जाते त्याला स्वतःला नाखूश समजणे सोपे जाते.

आता तो मघाचा धागा. वेताळपंचविशीत प्रेतातला वेताळ रात्री एका जिवंत माणसाला कथा सांगतो आणि शेवटी न्याय विचारतो. उत्तर माहीत असून राजा गप्प राहिला तर त्याच्या मस्तकाची शकले व्हावयाची. बोलला तर वेताळ झाडावर परत. ऐकणाऱ्यावर जबाबदारी टाकणारी ही रचना जगाच्या कथावाङ्मयात विरळा आहे. राइस यांच्या खोलीतही रात्र आहे, मृत वक्ता आहे, जिवंत श्रोता आहे. पण लुई प्रश्न विचारीत नाही. तो फक्त सांगतो, आणि आपल्या सांगण्याने श्रोता सावध होईल असे गृहीत धरतो. कथा संपते तेव्हा तो तरुण विनवितो की, मलाही तुझ्यासारखे कर. लुई हताश होतो, संतापतो, त्याला चावून निघून जातो. आणि शुद्धीवर आलेला मुलगा फीत मागे फिरवून लेस्टॅटच्या घराचा ठावठिकाणा टिपून घेतो. येथे लेखिकेने लुईवर जो निकाल दिला आहे तो आम्ही वर दिलेल्या कोणत्याही निकालाहून कडक आहे. त्याच्या दुःखाचा एकुलता एक श्रोता त्या दुःखाच्या मोहात पडला. शोक इतका सुंदर करून सांगितला की तो हवासा वाटू लागला. गुलामांच्या तळाविषयी जे अंतर राखले गेले नाही म्हणून आम्ही तक्रार केली, ते या शेवटच्या काही पृष्ठांत राखले आहे. उशिरा, पण राखले आहे.

पुढील खंडांत हा तोल सुटला. १९८५ च्या 'द व्हँपायर लेस्टॅट'मध्ये लेस्टॅट येऊन सांगतो की लुईने पुष्कळ खोटे सांगितले. १९८८ च्या 'द क्वीन ऑफ द डॅम्ड'मध्ये प्राचीन इजिप्तची राणी आकाशा जागी होऊन पुरुषजातीचा जवळजवळ संहार करावयास निघते. सहस्रावधी वर्षांचा पट, जातकुळींच्या वंशावळी, आत्म्यांचे युद्ध, असा सारा महाकाव्याचा सरंजाम येथे आहे, आणि वर्णनशक्ती तर ओसंडून वाहते. पण नाखुषी हा आता एका पात्राचा स्वभावविशेष होऊन बसतो. लुई म्हणजे आपला तो हळवा, असे इतर सारे म्हणतात. पहिल्या पुस्तकात जो प्रश्न होता तो येथे लकब झाला. पट विस्तारला म्हणजे कृती महाकाव्य होत नाही, हे सांगावयास आम्हांस राइसच लागतात असे नाही. आपल्याकडेही त्याची उदाहरणे आहेत.

नील जॉर्डन यांच्या १९९४ च्या चित्रपटाने आणखी एक फेरफार केला. त्यात लुईला भाऊ नाही. त्याची पत्नी आणि मूल मेलेले आहेत. फेरफार किरकोळ दिसतो, पण त्याने गर्वाचे मूळच उपटले जाते आणि केवळ एक दुःखी विधुर उरतो. २०२२ साली सुरू झालेल्या दूरचित्रवाणी मालिकेने भाऊ परत आणला, आणि त्याहून मोठे धाडस केले: तिचा लुई विसाव्या शतकाच्या आरंभीचा न्यू ऑर्लिन्समधील कृष्णवर्णीय गृहस्थ आहे, वेश्यावस्तीतील धंद्यावर घर चालविणारा. मूळ संहितेशी ही अनिष्ठा आहे असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. रानातल्या तळावरच्या त्या निनावी माणसाचा हिशेब कोणीतरी केव्हातरी मांडावयास हवाच होता. मात्र लुईचा वर्ण बदलल्याने तो मांडला गेला, की मळेवाल्या लुईची सुटका झाली, याविषयी आमच्या मनात अद्याप द्विधा आहे. मालिकेतील लुई पिळला गेलेल्यांपैकी एक आहे आणि पिळणाराही आहे. कादंबरीतील लुई फक्त दुसराच होता, आणि त्याला ते ठाऊक नव्हते.

जाता जाता एक गोष्ट अनुवादकांसाठी. ही कादंबरी मराठीत आणू पाहणाऱ्याला 'व्हँपायर'ला प्रतिशब्द शोधण्यात फार काळ घालविण्याचे कारण नाही. मूळ शब्द तसाच ठेवला तरी आजचा वाचक अडणार नाही. खरी अडचण लुईच्या वाणीची आहे. मूळ इंग्रजी वाक्ये लांब, सुगंधी, किंचित जड आहेत. ती आपल्या जुन्या ललित गद्याच्या घाटात सहज बसतील, आणि तेथेच धोका आहे. कारण त्या घाटात बसली की लुई खराच करुण वाटू लागेल. त्या मुलाच्या प्रश्नांची वाक्ये मात्र तुटक, रोजच्या बोलण्यातली, थोडी उतावीळ आहेत. ती तशीच राहतील अशी खबरदारी अनुवादकाने घ्यावी, आणि सुशोभित वाक्यांच्या गर्दीत ती बुजू देऊ नयेत.